हाक मारल्याशिवाय ओ येत नाही

‘जोडणी तुटली तर टीसीपी सांगेलच की. त्यासाठी वेगळा कोड कशाला?’

हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या तोंडून ऐकलं आहे की आता ते खोडून काढणं मला कर्तव्य वाटतं. नव्यानं कामाला लागलेली मुलं असं म्हणतात, तेव्हा त्यांना समजावून सांगता येतं. पण बहुतेक वेळा ते अनुभवी माणसांकडून ऐकू येतं, कोड तपासायच्या बैठकीत, आणि अशा सुरात की विचारणाऱ्याला आपणच अडाणी वाटावं. क्लायंट आणि सर्व्हर यांनी ठरावीक सेकंदांनी एकमेकांना हाक मारायची, ओ आली नाही तर जोडणी मेली असं धरायचं, एवढी साधी ही व्यवस्था. आम्ही तिला हार्टबीट म्हणतो. या मंडळींच्या मते ती अनावश्यक आहे. टीसीपी विश्वासार्ह आहे, तुटलेल्या जोडणीची खबर देणं त्याचं काम आहे, आणि ज्याचं तेवढ्यानं समाधान होत नाही त्यानं ऑपरेटिंग सिस्टीममधलं कीपअलाइव्ह चालू करावं, असं ते सांगतात. हे म्हणणं चुकीचं आहे आणि त्याची किंमत ते म्हणणाऱ्यांना मोजावी लागत नाही.

ती कोण मोजतं, ते मी एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर पाहिलं. जानेवारीतली पहाट होती, गाळप जोरात होतं. दोन काटे, प्रत्येक काट्याच्या खोलीत एक संगणक, आणि दोन्ही संगणक ऑफिसातल्या एकाच डेटाबेस सर्व्हरला जोडलेले. वजन झालं की पावतीचा पुढचा क्रमांक सर्व्हरवरच्या एका ओळीतून घ्यायचा. तेवढ्यापुरतं त्या ओळीला कुलूप घालायचं, पावती नोंदली की काढायचं. पहिल्या काट्याच्या संगणकानं कुलूप घातलं आणि नेमकी त्या खोलीची वीज गेली. यूपीएसची बॅटरी आधीच निकामी झालेली. दोन मिनिटांत वीज परत आली, संगणक चालू झाला, क्लार्कनं प्रोग्रॅम उघडून वजन घेतलं आणि पडदा तिथंच गोठला. पाठोपाठ दुसऱ्या काट्याचाही गोठला. सर्व्हरच्या हिशेबी पहिल्या काट्याची जुनी जोडणी जिवंत होती, कुलूप तिच्याकडे होतं, आणि नवी जोडणी त्याच कुलपासाठी ताटकळत होती. तो संगणक आपल्याच मेलेल्या जोडणीची वाट बघत बसला होता.

बाहेर बैलगाड्यांची रांग वाढत गेली. गाडीवान बीडकडचे ऊसतोड मजूर, नवरा-बायकोनं मिळून तोडायचं, भरायचं आणि वाहायचं, पैसे टनावर. काट्यावर अडकलेली गाडी म्हणजे पुढच्या खेपेचा खोळंबा. एक बाई जुवाशेजारी पोराला मांडीवर घेऊन बसली होती. ‘साहेब, काटा कधी सुरू व्हायचा?’ असं तिनं मला दोनदा विचारलं. मला उत्तर देता आलं नाही, कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये एकाही बिघाडाची नोंद नव्हती. पावणेदोन तासांनी डेटाबेस बंद करून पुन्हा चालू केला, तेव्हा काटे मोकळे झाले. ती प्रणाली लिहिणाऱ्यांत मी होतो. हार्टबीट हवं का, हा प्रश्न आमच्या बैठकीत निघाला होता आणि ‘टीसीपी सांगेलच की’ या उत्तरावर मिटला होता.

टीसीपीनं का सांगितलं नाही? ‘जोडणी’ या शब्दानं आपली फसगत होते. दोन यंत्रांमध्ये दोरी ताणलेली आहे आणि ती तुटली की दोन्ही टोकांना हिसका बसतो, असं चित्र डोळ्यांपुढं येतं. दोरी नसतेच. असतात त्या दोन नोंदी, एक क्लायंटच्या मेमरीत आणि एक सर्व्हरच्या. सुरुवातीला तीन पॅकेटांची देवाणघेवाण करून दोघांनी त्या आपापल्याकडे केलेल्या असतात. बोलण्यासारखं काही नसेल तेव्हा दोघांच्या मध्ये एक बिटही फिरत नाही. ज्यांनी सातबारा हाताळला आहे त्यांना हे चटकन उमजेल. माणूस गेला म्हणून उताऱ्यावरचं त्याचं नाव आपोआप जात नाही. कोणीतरी तलाठ्याकडे वर्दी द्यावी लागते, वारसाची नोंद करावी लागते, तोवर कागदावर मालक तोच.

टीसीपीत अशी वर्दी द्यायचे दोन मार्ग आहेत. नीट निरोप घेणारं टोक ‘फिन’ पाठवतं. आणि ज्या जोडणीची नोंदच आपल्याकडे नाही तिचं पॅकेट आलं, तर यंत्र ‘रीसेट’ पाठवतं. पहिल्यासाठी जाणारा शुद्धीवर असावा लागतो, दुसऱ्यासाठी राहणाऱ्यानं काहीतरी पाठवावं लागतं. वीज गेलेल्या संगणकाला निरोप घ्यायची सवड मिळत नाही. आणि आमचा सर्व्हर क्लायंटच्या पुढच्या आज्ञेसाठी नुसता कान लावून बसला होता. त्यानं एक बाइट जरी पाठवला असता, तरी नव्यानं चालू झालेल्या संगणकानं रीसेट देऊन त्याला खरं काय ते कळवलं असतं. तो बाइट पाठवायला आम्ही सांगितलं नव्हतं.

यात नवं काही नाही. सप्टेंबर 1981 मध्ये जॉन पोस्टेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या आरएफसी 793 मध्ये, टीसीपीच्या त्या पायाभूत दस्तऐवजातच, ‘अर्धउघड्या’ जोडणीचं वर्णन आहे: एक टोक कोसळलेलं, दुसऱ्याला त्याचा पत्ता नाही. ती उघडकीला येते ती कोणीतरी पुढचा डेटा पाठवायचा प्रयत्न केल्यावर. म्हणजे टीसीपीच्या जनकांनी आपल्याला अंधारात ठेवलं नव्हतं. त्यांचं वचन पाठवलेल्या डेटापुरतं होतं. तो क्रमानं आणि अखंड पोचेल, पोचत नसेल तर शेवटी कळवलं जाईल. जिथं काहीच पाठवलं नाही तिथं हे वचन लागूच होत नाही.

आणि हे ‘शेवटी’ केव्हा? लिनक्स घ्या. पोच न मिळालेलं पॅकेट ते मूळच्या मांडणीनुसार पंधरा वेळा पुन्हा पाठवतं, दर वेळी थांबण्याचा काळ वाढवत. त्याच्याच दस्तऐवजातला हिशेब 924.6 सेकंदांचा आहे, म्हणजे पाव तासाहून जास्त. तेवढा वेळ प्रोग्रॅमच्या दृष्टीनं सगळं सुरळीत असतं. त्यानं ‘पाठव’ म्हटलं, ऑपरेटिंग सिस्टीमनं डेटा आपल्या बफरात घेतला आणि ‘झालं’ असं उत्तर दिलं. त्या ‘झालं’चा अर्थ ‘पोचलं’ असा लावणाऱ्या किती प्रणाली मी पाहिल्या आहेत!

जोडणी शाबूत आहे का हे विचारणाऱ्या तयार फंक्शनांवर विसंबणारेही असेच फसतात. जावातलं सॉकेटचं ‘इज-कनेक्टेड’ हे फंक्शन, जोडणी एकदा झाली होती का, एवढंच सांगतं. सॉकेट तुम्ही स्वतः बंद केलं तरी ते ‘हो’च म्हणत राहतं. डॉटनेटमधला ‘कनेक्टेड’ हा गुणधर्म शेवटच्या देवाणघेवाणीच्या वेळी काय स्थिती होती ते सांगतो, आत्ता काय आहे ते नव्हे. दोन्ही गोष्टी त्यांच्या अधिकृत दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेल्या आहेत. तरीही ‘कनेक्टेड असेल तर पाठव’ अशी अट मला अजून दर दुसऱ्या प्रकल्पात दिसते.

आता प्रतिपक्षाच्या मुख्य आधाराकडे येतो: कीपअलाइव्ह. (एचटीटीपीतलं ‘कीप-अलाइव्ह’ वेगळं, त्याचा अर्थ एकच जोडणी अनेक विनंत्यांसाठी वापरणं. नावाच्या या सारखेपणानं बराच घोळ घातला आहे.) टीसीपीचं कीपअलाइव्ह म्हणजे बराच वेळ शांतता असली की ऑपरेटिंग सिस्टीमनं रिकामं पॅकेट पाठवून समोरच्याची चाहूल घेणं. लिनक्सवर ते 7200 सेकंदांच्या शांततेनंतर पहिली चाचपणी करतं, मग 75 सेकंदांच्या अंतरानं अशा नऊ चाचपण्या. बेरीज दोन तास अकरा मिनिटं पंधरा सेकंद. आमच्या सर्व्हरवर कीपअलाइव्ह चालू होतं. आम्ही काही केलं नसतं, तर पहिल्याच चाचपणीला पुन्हा चालू झालेल्या संगणकाकडून रीसेट मिळून काटा आणखी जवळपास पाव तासानं आपला आपण सुटला असता.

हे दोन तास कुठून आले? ऑक्टोबर 1989 च्या आरएफसी 1122 मधून. कीपअलाइव्ह ऐच्छिक आहे, मुळात बंद असलं पाहिजे आणि त्याचा मूळ अवधी दोन तासांहून कमी नसावा, असं तो दस्तऐवज सांगतो. कारणं तीन दिली आहेत. नेटवर्क थोडा वेळ अडखळलं तर चांगल्या जोडण्या उगाच तुटतील. बँडविड्थ वाया जाईल. आणि जिथं पॅकेटागणिक पैसे पडतात तिथं खर्च वाढेल. कोणी वापरतच नसेल तर जोडणी शाबूत आहे की नाही याची पर्वा कोणाला, अशा आशयाचा सवालही तिथं आहे. हार्टबीटचे विरोधक हा परिच्छेद नेहमी पुढं करतात. त्याच चर्चेतलं पुढचं वाक्य मात्र वगळतात. क्लायंट कोसळल्यावर जे सर्व्हर अनंतकाळ अडकून साधनसंपत्ती धरून बसतील, त्यांच्यासाठी ही यंत्रणा वापरावी, असं तिथंच लिहिलं आहे. पर्वा कोणाला, याचं उत्तर त्या दस्तऐवजानंच दिलेलं आहे. माझ्यापुरतं ते उत्तर जुवाशेजारी बसलेल्या त्या बाईनंही दिलं होतं.

बँडविड्थच्या आक्षेपाचा निकाल तर पंचवीस वर्षांपूर्वीच लागला आहे. 1999 मध्ये अँडी स्टॅनफोर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्यासाठी एमक्यूटीटी हा प्रोटोकॉल तयार केला. उपग्रहाचा दुवा महाग आणि अरुंद, तिथं एकेक बाइट मोलाचा. त्या काटकसरीतही त्यांनी हार्टबीट वगळलं नाही, ते लहान केलं. एमक्यूटीटीतली हाक दोन बाइटांची आणि ओही दोन बाइटांची. किती सेकंदांनी हाक द्यायची ते क्लायंट जोडणी करतानाच सांगतो, आणि त्या काळाच्या दीडपट वेळ शांततेत गेला की सर्व्हरनं जोडणी तोडलीच पाहिजे असा नियम आहे. त्याहून मोलाची सोय म्हणजे क्लायंट जोडणीच्या वेळीच आपलं मृत्युपत्र सर्व्हरकडे ठेवू शकतो: मी न सांगता नाहीसा झालो, तर हा संदेश इतरांना दे. ज्यांच्यासाठी बँडविड्थ खरोखर दुर्मीळ होती त्यांनी शांततेला काय अर्थ द्यायचा हे आधी ठरवलं. ऑफिसातल्या गिगाबिट केबलवर बसून बँडविड्थची सबब सांगणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

‘बरं, मग कीपअलाइव्हचा अवधी तीस सेकंदांवर आणा. तरी वेगळ्या हार्टबीटची गरज काय?’ हा प्रश्न मात्र गंभीर आहे आणि त्याला हात झटकून उत्तर देता येत नाही. अवधी कमी करणं चांगलंच. पॅकेट फिरत राहतात, त्यामुळे वाटेतल्या यंत्रांच्या नोंदीही ताज्या राहतात, आणि आज हा फायदा लहान नाही. एनएटी करणारी यंत्रं शांत जोडणीची नोंद किमान दोन तास चार मिनिटं सांभाळतील, असं 2008 चा आरएफसी 5382 म्हणतो. प्रत्यक्षात अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमधलं एनएटी गेटवे 350 सेकंदांच्या शांततेनंतर ती सोडून देतं आणि मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझुर लोड बॅलन्सरचा मूळ अवधी चार मिनिटांचा आहे. दोन तासांनी येणारी चाचपणी तिथं कामाची नाही.

पण तीस सेकंदांच्या कीपअलाइव्हलाही ओ देतं ते समोरच्या संगणकाचं कर्नल. आतला प्रोग्रॅम अनंत फेऱ्यांत अडकलेला असो, डिस्कची वाट बघत थिजलेला असो, मेमरी संपून श्वास कोंडलेला असो, कर्नल प्रामाणिकपणे सांगत राहतं की इथं सगळं ठीक आहे. मालक घरात बेशुद्ध पडला आहे आणि फाटकावरचा रखवालदार ‘आहेत आत’ म्हणतो आहे, तसं. शिवाय आज क्लायंट आणि सर्व्हर यांच्यात सरळ जोडणी क्वचितच असते. मध्ये प्रॉक्सी असतो, लोड बॅलन्सर असतो, जो एका बाजूची टीसीपी जोडणी आपल्यापाशी संपवून दुसऱ्या बाजूला नवी उघडतो. तुमच्या कीपअलाइव्हला तोच ओ देतो, त्याच्या पलीकडचा सर्व्हर विझलेला असला तरी. आणि तिसरी अडचण कमी लोकांना ठाऊक असते. पोच न मिळालेला डेटा बाकी असेल तर लिनक्सवर कीपअलाइव्ह गप्प राहतं आणि पुन्हा पाठवण्याचं ते पाव तासाचं चक्र चालू होतं. त्यावर ‘टीसीपी यूझर टाइमआउट’ हा वेगळा उपाय आहे, पण तो मुद्दाम लावावा लागतो. समोरचा प्रोग्रॅम जागा आहे का, हे त्या प्रोग्रॅमलाच विचारावं लागतं, आणि त्याच्या भाषेत.

विरोधकांना थरांची शिस्त प्रिय असते, खालच्या थराचं काम वरच्यानं करू नये म्हणतात. त्यांनी सॉल्टझर, रीड आणि क्लार्क यांचा 1984 चा टोक-ते-टोक तत्त्वावरचा निबंध पुन्हा उघडावा. जे काम टोकाच्या प्रोग्रॅमच्या माहितीशिवाय पुरतं करताच येत नाही ते टोकालाच केलं पाहिजे, खालच्या थरानं केलेलं फार तर मदतीचं, असा त्याचा गाभा. काट्याच्या पावतीचं कुलूप किती वेळ धरणं परवडतं, हे टीसीपीला कसं कळावं?

हार्टब्लीडचं काय, असं विचारलं जातं. एप्रिल 2014 मध्ये ओपनएसएसएलमधलं ते भगदाड उघड झालं, आणि ते हार्टबीटच्याच कोडमध्ये होतं, हे खरं. हाकेत ‘माझा मजकूर इतका लांब आहे’ असं खोटं सांगायचं, आणि सर्व्हर न मोजता तेवढी मेमरी परत करायचा, गुप्त किल्ल्यांसकट. त्यातून घ्यायचा धडा मी मान्य करतो: हाक लहान ठेवा, बाहेरून आलेल्या लांबीवर विश्वास ठेवू नका, जिथं गरज नाही तिथं ही सोय उघडी ठेवू नका. पण एका विहिरीचा कठडा ढासळला म्हणून गावानं पाणी काढणं सोडायचं नसतं.

मोबाइलची बाजू मात्र मी पूर्ण मानतो. प्रत्येक अ‍ॅपनं दर दहा सेकंदांनी रेडिओ जागा केला तर बॅटरी दुपारपर्यंत टिकणार नाही. म्हणूनच फोनवर सूचनांसाठी एक सामायिक जोडणी असते आणि हार्टबीटचा भार तिच्यावर. तिथं वेगळं हार्टबीट लिहू नये हे बरोबर आहे, कारण दुसरं कोणीतरी ते लिहिलेलं आहे.

उरतो तो आरएफसी 1122 चा पहिला आक्षेप. माझ्या मते तोच सगळ्यात जड आहे. हार्टबीट चांगल्या जोडणीलाही मारू शकतं. ओ आली नाही म्हणजे समोरचा मेला, की सावकाश चालला आहे? हे दुरून ओळखता येत नाही. 1985 मध्ये फिशर, लिंच आणि पॅटर्सन यांनी गणितानं सिद्ध केलं की संदेशाला किती उशीर होईल याला मर्यादाच नसेल, तर एका यंत्राच्या संभाव्य मृत्यूमुळेही बाकीच्यांचं एकमत हमखास होईल असा निश्चित मार्ग उरत नाही. मुळाशी हीच अडचण आहे. हार्टबीट पुरावा देत नाही, संशय देतं. पण हा आक्षेप खरा असल्यामुळेच तो निर्णय प्रोग्रॅमरनं घ्यायला हवा. आकडा कोणीतरी ठरवणारच. तुम्ही नाही ठरवला तर 1989 च्या समितीचा दोन तासांचा आकडा लागू होतो, किंवा क्लाउड कंपनीचा चार मिनिटांचा, आणि त्यांच्यापैकी कोणालाही तुमच्या काट्यापुढची रांग दिसत नाही. एका ओवर जीव टांगू नये, तीन हुकल्या तर संशय पक्का धरावा. ज्या क्लायंटकडे कुलूप नाही त्याला थोडी जास्त मुभा द्यावी, कुलूप धरणाऱ्याला कमी. हे तारतम्य कामाची माहिती असलेलाच दाखवू शकतो.

तुटलं हे कळल्यावर प्रश्न उरतो की माझी शेवटची विनंती पोचली होती का. हार्टबीटनं त्याचं उत्तर मिळत नाही, आणि हार्टबीटच्या कैवाऱ्यांनीही हे मोकळेपणानं सांगायला हवं. एटीएमनं खात्यातून रक्कम वळती केली आणि नोटा आल्याच नाहीत, हा अनुभव ज्यांना आला आहे त्यांना त्या अंधाराची भीती माहीत आहे. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात अशा अर्धवट व्यवहारांना मुदत घातली: एटीएमची रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत आपणहून परत, उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. यूपीआयवरून पाठवलेली रक्कम समोरच्याच्या खात्यात जमा झाली नाही तर मुदत एका दिवसाची. तार कधीच तुटणार नाही याची हमी नियामकानं मागितली नाही. तुटल्यावर किती काळात हिशेब जुळला पाहिजे ते सांगितलं. प्रत्येक विनंतीला स्वतःचा क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरनं दुसऱ्यांदा काम न करता जुनं उत्तर द्यावं, हे हार्टबीटच्या जोडीनं यायला हवं.

‘आम्ही तपासून पाहिलं, क्लायंट बंद केला की सर्व्हरला लगेच कळतं,’ हा शेवटचा बचाव. कसं तपासलं, हे विचारा. बहुधा टास्क मॅनेजरमधून प्रोग्रॅम मारलेला असतो. तेव्हा मागं राहिलेली ऑपरेटिंग सिस्टीम त्याच्या वतीनं जोडणी बंद करते, म्हणून सर्व्हरला कळतं. त्यानं काहीच सिद्ध होत नाही. आपल्याच संगणकाची केबल उपटली तरी पुरत नाही, कारण पोर्ट निर्जीव झाल्याचं तो संगणक स्वतः ओळखतो. दोन स्विचच्या मधली केबल काढा, म्हणजे दोन्ही संगणकांना आपापला दिवा हिरवाच दिसेल आणि मधली वाट नसेल. मग क्लायंटची वीज काढून तोच प्रयोग पुन्हा करा. दोन्ही वेळा केबल किंवा वीज काढल्यापासून सर्व्हरनं कुलूप सोडेपर्यंतचे सेकंद घड्याळावर मोजा आणि तो आकडा करारात लिहा. त्या कारखान्यात पुढच्या हंगामाआधी आम्ही हे केलं. दर दहा सेकंदांनी हाक, तीन हुकल्या की जोडणी तोडून व्यवहार मागं घ्यायचा. पहिल्या चाचणीत आकडा तेहतीस सेकंद आला. काट्यावरचा क्लार्क शेजारी उभा होता. त्यानं तो आपल्या वहीत लिहून घेतला.